पेनल्टीच्या वेळी पाठमोरे

गेल्याच्या आधीच्या मोसमातल्या शेवटच्या साखळी सामन्यात, रविवारी सकाळी, उत्तरार्ध संपत आलेला असताना आमच्या क्लबला पेनल्टी मिळाली. कप्तानाने ती मारली, समोरच्या गोलरक्षकाने ती अडवली, आणि परत आलेल्या चेंडूसाठी झालेल्या झटापटीत गोलरक्षकाच्या भुवईवर बूट बसला. पंचाने आमच्या कप्तानाला लाल कार्ड दाखवले. हे घडत असताना आमच्या क्लबचे झाडून सगळे समर्थक मैदानाकडे पाठ करून उभे होते. बूट कोणाचा होता, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. मीही त्यांच्यात उभा होतो.

क्लब लहान आहे. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी आलेली, कॉट बेसिसवर राहणारी मुले संध्याकाळी एका शाळेच्या मैदानावर खेळायची. त्यातून तो उभा राहिला. मुले बदलत राहिली. कोणी पास होऊन नेमणुकीच्या गावी गेला, कोणी परीक्षेची वयोमर्यादा संपल्यावर घरी परतला. क्लब टिकला तो समर्थकांमुळे, कारण समर्थक पेठेतलेच होते आणि त्यांना कुठे जायचे नव्हते.

त्यांचा म्होरक्या म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांच्या खालोखाल एक बाई, दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या, त्या ताई. ताईंच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या मुलांना भाड्याने दिलेल्या असत. जिन्यावर रोज लाल माती कोण आणून टाकतो याचा छडा लावायला म्हणून त्या पहिल्यांदा मैदानावर गेल्या आणि मग जातच राहिल्या. एक आयटीतला तरुण वाघोलीहून मोटारसायकलवर येई. तो पूर्वी क्लबकडून खेळला होता, गुडघा गेल्यावर बाहेर उभा राहू लागला. बाकीचे पाच-सात जण येऊन-जाऊन असत. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी केली. जिल्हा लीगचे निकाल एका ओळीत लावणे हे माझ्या कामात होते. त्या ओळींतल्या एका नावामागे माणसे कोण आहेत हे पाहायला एकदा गेलो, एवढेच.

या लोकांना घोषणा देता येत नसत. ढोल नव्हता, झेंडा नव्हता. ते बोलत, आणि बहुतेक आपल्याच संघाला बोलत. बचावफळीतला एखादा रेंगाळला की काका हात मागे बांधून विचारत, "अहो, बॉल तिकडे गेला. आपला विचार काय आहे?" गोलरक्षकाच्या पायांमधून चेंडू गेला तर ताई म्हणत, "राहू द्या, वाकू नका. कंबर दुखत होती असं आम्ही घरी कळवू." पंचाला उद्देशून एकदा कोणीतरी म्हणाले होते, "साहेब, शिट्टी भाड्याची आहे का? वाजवून घ्या, पैसे वसूल होतील." पंच हसला होता. प्रतिस्पर्धी संघाबद्दल मात्र ते काही बोलत नसत. काकांचे म्हणणे, "त्यांची नि आपली ओळख कुठे आहे?"

नव्याने आलेल्या खेळाडूला हे समजायला अर्धा मोसम लागे. सुरुवातीला त्याला वाटे, ही माणसे आपल्याला पाण्यात पाहतात. नंतर लक्षात येई की ज्याला बोलणे बसत नाही तो संघातून बाहेर जायच्या बेतात आहे.

यांच्या दोन सवयी लीगमध्ये सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे खरे बोलण्याची. आमच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला आणि पंचाच्या नजरेतून सुटला, तर काका बाहेरून शांतपणे सांगत, "हाताला लागला. आम्हीच सांगतोय, म्हणजे लागला असणार." एकदा यामुळे आमचा गोल रद्द होण्याची वेळ आली. खेळाडू चिडले. काका म्हणाले, "गोल हवा असेल तर पायाने मारा, तो खेळ तसाच आहे." या सवयीमुळे लीग चालवणाऱ्या मंडळींमध्ये या लोकांच्या शब्दाला किंमत होती. पंच अहवाल लिहिताना कधी कधी त्यांच्याकडे येऊन विचारत.

दुसरी सवय पेनल्टीची. आमच्या क्लबला पेनल्टी मिळाली की हे सगळे मैदानाकडे पाठ करत. तिची सुरुवात चहाने झाली असे सांगतात. फार वर्षांपूर्वीच्या एका मोसमात क्लबच्या ओळीने पेनल्ट्या वाया गेल्या. मग एका सामन्यात सगळे जण मैदानाबाहेरच्या गाडीवर चहा घेत असताना पेनल्टी मिळाली आणि ती आत गेली. पुढच्या वेळी काकांनी सगळ्यांना वळायला लावले. तीही आत गेली. त्यानंतर प्रश्न उरला नाही. त्यानंतरही अनेक पेनल्ट्या वाया गेल्या, पण त्या वेळी कोणीतरी वळून पाहिले असणार असे ठरवले जाई, आणि ते कोण यावरून आठवडाभर वाद चाले.

नियम असा की पंच चेंडू ठिपक्यावर ठेवायला सांगेल तेव्हा वळायचे, मोबाईल खिशात घालायचे आणि शिट्टीनंतर जे ऐकू येईल ते ऐकायचे. बुटाचा आवाज आला की श्वास रोखायचा. जाळी थरारल्याचा बारीक आवाज आला तर गोल. खांबाचा ठण्ण आवाज आला तर नाही. पुन्हा शिट्टी वाजेपर्यंत कोणी वळायचे नाही. काका म्हणत, "पेनल्टी बघायची नसते, ऐकायची असते." दुसऱ्या संघांची मुले याची टिंगल करत. त्यांनी आम्हाला 'पाठमोरे' असे नाव ठेवले होते. आमच्या लोकांना ते नाव आवडे.

कप्तान विदर्भातून आला होता, परीक्षेसाठीच. पूर्वपरीक्षा दोनदा पास झाला, पुढे गेला नाही. मग त्याने परीक्षा सोडल्या, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि लहान मुलांना शिकवू लागला. तो ताईंच्या वरच्या खोलीत राहिला, इतर कोणाहीपेक्षा जास्त काळ. एरवी पुण्याचे बोलणे बोले. मैदानावर आणि वैतागल्यावर त्याच्या गावचे बोले. क्लबच्या पेनल्ट्या तोच मारी. काका त्याला कधीच चांगले म्हणाले नाहीत. त्याने गोल केला की काका म्हणत, "आज कप्तान जागे आहेत."

त्या मोसमात वाघोलीच्या बाजूला नव्याने सुरू झालेल्या एका शाळेने त्याला क्रीडाशिक्षक म्हणून घ्यायचे ठरवले होते. जूनपासून नेमणूक होती. कायमची नोकरी, पगाराबरोबर भविष्य निर्वाह निधी. शाळेची एकच अट राहिली होती: तो ज्या लीगमध्ये खेळतो, तिथे त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही, असे लीगकडून पत्र आणायचे. काम लहान मुलांमधले होते, त्यामुळे अट रास्तच होती. पत्र मोसम संपल्यावर मिळणार होते. ताईंनी वरच्या खोलीसाठी दुसरा भाडेकरू पाहायला सुरुवात केली होती आणि हे त्या सगळ्यांना तक्रारीच्या सुरात सांगत होत्या.

शेवटचा सामना मांजरीकडच्या एका मैदानावर झाला. मैदानाच्या एका अंगाला नव्या इमारती आहेत, दुसऱ्या अंगाला ऊस. आम्ही उसाच्या बाजूला उभे होतो. निम्मा ऊस तुटला होता. आम्हाला सामना जिंकण्याची गरज नव्हती. क्लब खालच्या गटात जाणार नव्हता आणि वर जाण्याची शक्यता कधीच संपली होती. पेनल्टी मिळाली तेव्हा बरोबरी होती.

काका म्हणाले, "चला." सगळे वळले. ताईंनी पिशवी खांद्यावर घेतली. आयटीतल्या तरुणाने मोबाईल खिशात टाकला. आमच्या समोर तोडलेल्या उसाचे पाचट होते आणि त्यावर दोन बगळे.

शिट्टी. बुटाचा आवाज. मग हातमोज्यावर चेंडू बसल्याचा बद्द आवाज. ताई पुटपुटल्या, "वाया गेली." त्यानंतर धावणारी पावले, एक ओरडणे, आणि लगेच दुसरी शिट्टी, लांब.

आम्ही वळलो. गोलरक्षक जमिनीवर होता आणि त्याच्या बोटांमधून रक्त येत होते. त्याच्या एका बाजूला आमचा कप्तान उभा होता, डोक्यावर हात ठेवून. दुसऱ्या बाजूला त्यांच्या संघाचा बचावपटू गुडघ्यावर बसला होता. पंच खिशाकडे हात नेत होता. लाल कार्ड पाहिल्यावर कप्तान पंचाकडे गेला नाही. तो सरळ आमच्याकडे आला.

"काका, सांगा ना त्यायला. मी पाय मागं घेतला होता. त्याचाच गडी मागून आला."

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुम्ही पाह्यलं ना?"

"आम्ही वळलो होतो रे," ताई म्हणाल्या.

त्याने आमच्या मागच्या उसाकडे पाहिले. मग म्हणाला, "हो. पेनल्टी होती नाही का," आणि बाहेर जाऊन चपला घालू लागला.

नेमके काय घडले याबद्दल त्या दिवशी जे जमा झाले ते असे. पंचाच्या आणि गोलरक्षकाच्या मध्ये तो बचावपटू आला होता, पण पंचाच्या मते लाथ कप्तानाची आणि मुद्दाम मारलेली होती. गोलरेषेवर असलेल्या साहाय्यकाने सांगितले की चेंडू रेषा ओलांडतो का इकडे त्याचे लक्ष होते. जखमी गोलरक्षकाला भुवईवर टाके पडले. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "बूट लागला एवढं माहितीये. कोणाचा, ते खरंच नाही माहीत." त्यांच्या बचावपटूने सांगितले की तो जवळही नव्हता. आमच्या खेळाडूंनी सांगितले की तो जवळ होता. दोन्ही संघांच्या खेळाडूंचे सांगणे एकमेकांना खोडून काढते, म्हणून लीगची शिस्त समिती ते धरत नाही. समितीला बाहेरचा साक्षीदार लागतो. त्या दिवशी मैदानाबाहेर आमच्याशिवाय समोरच्या संघाचे चार-दोन राखीव खेळाडू होते. ते राखीव खेळाडू आमच्या बाजूलाच, थोड्या अंतरावर उभे होते, आणि त्यांच्यातला एक जण मोबाईलवर चित्रण करत होता. तो पेनल्टीचे करत नव्हता. तो आमचे करत होता.

ते चित्रण रविवारी दुपारपर्यंत लीगच्या सगळ्या ग्रुपवर फिरले. त्यात आम्ही एका ओळीत, पाठमोरे दिसतो. काकांच्या टोपीची मागची पट्टी दिसते. मागून शिट्टी ऐकू येते, मग बूट, मग ओरडणे. एकही मान हलत नाही. चित्रण करणारा हसतो आणि म्हणतो, "बघ, बघ, एक पण वळत नाहीये." त्यानंतर त्याच्याही लक्षात काहीतरी झाल्याचे येते आणि चित्र जमिनीकडे जाते.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती. लाल कार्ड रद्द होणार नव्हते, ते पंचाच्या अखत्यारीत होते. प्रश्न शिक्षेचा होता. लाथ चुकून बसली असे ठरले तर थोड्या सामन्यांची बंदी. मोसम संपलेलाच होता आणि तेवढ्यावर शाळेचे पत्र अडले नसते. मुद्दाम मारली असे ठरले तर एक वर्ष.

बैठकीच्या आधी आम्ही पेठेतल्या एका अमृततुल्यमध्ये जमलो. कप्तानही आला होता. तो भिंतीकडच्या बाकावर बसला.

आयटीतला तरुण म्हणाला, "सिंपल आहे ना. आपण सगळ्यांनी सेम सांगायचं. कप्तानाने पाय मागे घेतला, डिफेंडरचा बूट लागला. आपल्यावर त्यांचा ट्रस्ट आहे. कोण क्रॉसचेक करणार आहे?"

"व्हिडिओ काढ," काका म्हणाले.

"कुठला?"

"आपला. सिनेमा झालाय आपला, तो."

त्याने मोबाईल पुढे केला. काकांनी चष्मा वर केला.

"यात तू कुठला?"

"डावीकडून तिसरा. बॅगवाला."

"आणि तुझे डोळे कुठे आहेत? बॅगेत?"

ताई म्हणाल्या, "मी सांगते. मी वळले होते, पण ओरडणं ऐकून लगेच मागे पाहिलं, असं सांगते."

"ताई, तुमचीही पाठच दिसते यात. शेवटपर्यंत. पिशवीवरच्या दुकानाचं नावसुद्धा वाचता येतंय."

"मग काय करायचं? तुम्हीच शिकवलंत सगळ्यांना हे."

"हो," काका म्हणाले. "मीच."

चहा आला. तेव्हा कप्तान पहिल्यांदा बोलला.

"काका, एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"इतक्या वर्षांत मी पेनल्ट्या मारल्या. त्यातली एकही तुम्ही पाह्यली नाही?"

"एकही नाही."

"ताई?"

ताईंनी मान हलवली.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "एखाद-दोघं तं चोरून पाह्यत असतील."

काका म्हणाले, "नियम होता." मग म्हणाले, "तुझ्यासाठीच होता."

"ते माहीत आहे मला," कप्तान म्हणाला. त्याने चहा संपवला, सगळ्यांचे पैसे दिले आणि वरच्या खोलीवर गेला. काकांनी त्याला पैसे देऊ नकोस असे म्हटले नाही. एरवी म्हटले असते.

त्या संध्याकाळी ठरले ते एवढेच की जे ऐकले ते सांगायचे.

समितीत तीन जण होते. अध्यक्ष स्वतः पूर्वी खेळलेले, सभ्य माणूस. काकांना ओळखत होते. खोलीत एक टेबल, मागच्या भिंतीला चषकांचे कपाट. कप्तानाचे सांगणे आधी झाले होते. आम्हाला एकदमच आत बोलावले गेले.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "काका, आपल्या शब्दावर आम्ही आजवर शंका घेतलेली नाही. आजही घेणार नाही. काय पाहिलंत ते सांगा."

"आम्ही ऐकलं ते सांगतो," काका म्हणाले.

"ऐकलंत?"

"पेनल्टी अडवली त्याचा आवाज आला. त्यानंतर पावलं आली. एकाची नाही, दोघांची. एक जण गोलच्या पुढून येत होता, एक बाजूने. पुढून येणाऱ्याची पावलं आधी थांबली. त्यानंतर ओरडणं आलं."

समितीतला दुसरा सदस्य लिहीत होता. त्याने पेन थांबवले. "पावलं कोणाची, हे आपण पाठ करून कसं ओळखलंत?"

"कोणाची ते नाही ओळखलं. आधी कोणती थांबली ते ऐकलं."

"लाल मातीवर? मागे ओरडाआरडा चालू असताना?"

"ओरडाआरडा नव्हता. आमच्यात ओरडत नाहीत."

"मग पुढून येणारा तुमचा कप्तान, हे कशावरून?"

ताई म्हणाल्या, "पेनल्टी मारणारा पुढूनच येतो ना."

"ताई, चेंडू परत आल्यावर बॉक्सबाहेरचे सगळेच पुढून येतात." त्याने हे समजावून सांगण्याच्या सुरात सांगितले.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. "आपण तर पेपरात होता."

"हो."

"आपण काय पाहिलंत?"

"ऊस," मी म्हणालो.

त्यांना ते उर्मट वाटले असावे. मी सांगितले की त्या वेळी माझे तोंड उसाकडे होते आणि दुसरी शिट्टी होईपर्यंत मी वळलो नाही.

आयटीतल्या तरुणाने चित्रणातला आवाज वाजवून दाखवायची परवानगी मागितली. ती मिळाली. त्याने घरून छोटा स्पीकर आणला होता. समितीने आवाज ऐकला. शिट्टी आणि बूट स्पष्ट ऐकू आले. पुढचे सगळे चित्रण करणाऱ्याच्या हसण्याखाली गेले होते. त्याने पुन्हा लावले. तिसऱ्यांदा लावू लागला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या."

मग ते काकांना म्हणाले, "घरी बसून मोबाईलवर मॅच बघणारे खूप आहेत. तुमच्यासारखे उन्हात येऊन उभे राहणारे नाहीत. म्हणून वाईट वाटतं. तुमच्यापैकी एकाने जरी सांगितलं असतं की पाहिलं, तर मी तेवढ्यावर निर्णय दिला असता."

काका म्हणाले, "पाहिलं नाही." उठताना त्यांनी खुर्ची परत टेबलाखाली सरकवली. बाहेर आल्यावर जिन्यात ते थांबले आणि ताईंना म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा." ताई थांबून राहिल्या.

निर्णय दोन दिवसांनी आला. पंचाच्या अहवालाविरुद्ध प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष नसल्याने अहवाल ग्राह्य धरण्यात येत आहे, असे त्यात होते. बंदी एक वर्षाची.

कप्तानाने शाळेला स्वतःच कळवले. ताई रजा घेऊन वाघोलीला गेल्या. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर त्या बराच वेळ बसल्या. आत गेल्यावर त्यांनी सांगितले की हा मुलगा त्यांच्या घरात वर्षानुवर्षे राहिला आहे आणि त्याने जिन्यावर मातीशिवाय कधी काही आणले नाही. मुख्याध्यापक त्यांच्याशी चांगले बोलले. पत्राशिवाय नेमणूक करता येणार नाही, असेही म्हणाले. काकांनी क्लबच्या सचिवांमार्फत फेरविचाराचा अर्ज करायला लावला. तो नवा पुरावा नसल्याने फेटाळला गेला. समोरच्या संघाच्या त्या राखीव खेळाडूने ग्रुपवरून चित्रण काढून टाकले आणि काकांना फोन करून माफी मागितली. काका त्याला म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही बघत तरी होता."

जूनमध्ये त्या शाळेत दुसरा क्रीडाशिक्षक रुजू झाला.

कप्तानाने वरची खोली सोडली. सामान फारसे नव्हते. ताईंनी पुस्तके ठेवून घेऊ का विचारले; परीक्षेची पुस्तके होती. तो म्हणाला, "द्या कोणाला तरी, नवीन येईल त्याला." निघताना त्याने जिना झाडला. त्यावर ताईंनी त्याला काहीतरी बोलायला हवे होते, असे त्या नंतर अनेकदा म्हणाल्या. "त्याला म्हणायला हवं होतं, आता झाडून काय उपयोग. हसला असता." त्या वेळी त्यांना ते सुचले नाही.

नवा मोसम पाऊस थांबल्यावर सुरू झाला. काका आले, ताई आल्या, आयटीतला तरुण आला. बोलणे कमी झाले होते. नव्या गोलरक्षकाने पहिल्याच सामन्यात एक सोपा चेंडू सोडला आणि बाहेरून काहीच आले नाही. त्याने मागे वळून पाहिले, कारण संघातल्या मुलांनी त्याला या लोकांबद्दल सांगून ठेवले होते.

तिसऱ्या की चौथ्या सामन्यात आम्हाला पेनल्टी मिळाली. पंचाने चेंडू ठिपक्यावर ठेवायला सांगितले. सगळ्यांनी काकांकडे पाहिले. काका हात मागे बांधून मैदानाकडे तोंड करून उभे राहिले. मग बाकीचेही तसेच राहिले. दोन मुलांनी मोबाईल वर धरले. पेनल्टी आत गेली. आम्ही ती पाहिली. जाळी हलली तेव्हा आवाज आला की नाही, हे मला आठवत नाही. त्या वेळी कोणी ऐकत नव्हते. टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या. परत येताना ताई म्हणाल्या, "अशी दिसते होय." काकांनी स्कूटर चालू केली.

त्या मोसमात काकांनी कप्तानाला दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्याने उचलला. काकांनी त्याला सामन्याला येऊन उभा राहा असे सांगितले. बंदी खेळण्यावर होती, पाहण्यावर नव्हती. तो म्हणाला की रविवारीही काम असते. काकांनी विचारले, "मुलांना शिकवतोस का अजून?" तो म्हणाला, "नाही. कारवाई झालेल्या माणसाला कोण ठेवतं." हे तो पुण्याच्या भाषेत म्हणाला, असे काकांनी मला सांगितले. दुसऱ्यांदा फोन वाजत राहिला.

कप्तान आता नगर रस्त्यावरच्या एका गोदामात पाळीप्रमुख आहे. वाघोलीच्या पुढे राहतो. ही माहिती आयटीतल्या तरुणाकडून मिळाली. त्याला तो पेट्रोल पंपावर भेटला होता. तब्येत बरी होती. क्लबचे कसे चालले आहे हे त्याने विचारले आणि ताईंच्या खोलीत कोण आहे हेही विचारले.

बंदी या मोसमाच्या आधी संपली. खेळाडूंच्या नोंदणीच्या वेळी क्लबच्या सचिवांनी त्याला निरोप पाठवला आणि पेनल्टी मारायला माणूस नाही असे कळवले. निरोप त्याने वाचल्याचे दिसत होते. नोंदणीची मुदत गेल्या शनिवारी संपली. त्याने नोंदणी केलेली नाही.